चौथा चष्मा

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी आजवर चहाच्या निमित्ताने उठून जायचो. सगळी नोकरी वीज खात्यात काढली... मीटरवर दिसत नाही ते नसतंच, हा आपला खाक्या. तरीही हे लिहितोय.

हैदराबादेत मलकपेठला मी एकटा राहतो. मुलगा कॅनडात. सुमन — माझी बायको — जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून घरात मराठी शब्द नाही. दाढेच्या जागी इम्प्लांट बसवायचं होतं. डॉक्टर म्हणाले, जबड्याचं हाड ड्रिलऐवजी लेसरने कापू, हादरे बसत नाहीत. पण सोबत कुणीतरी हवं, फॉर्मवर नाव लिहा. आता कुणाला आणणार? लाज वाटली हो. 'सुमन, पत्नी' लिहून मोकळा झालो.

सकाळी दहाला पहिला पेशंट मीच. लेसर सुरू करण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाला चष्मा देतात. माझा तर पूर्ण बंद, काळा. टक् टक् आवाज, जळक्या नखासारखा वास... मी घाबरलो. तेवढ्यात कुणीतरी माझ्या पायाचा अंगठा घट्ट धरला. मला कुणी इंजेक्शन देताना सुमन हेच करायची. वाटलं, सिस्टर असेल. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

सगळं आटोपल्यावर सिस्टर चष्मे मोजू लागली. डॉक्टरांचा, तिचा, माझा. चौथा माझ्या पायाशी, स्टुलावर.

"मॅडम चले गए क्या, अंकल?"

"कौन मॅडम?"

"आपके मॅडम. मैंच तो चष्मा दी उनको. पाँव पकड के बैठे थे ना." मग हसून म्हणाली, "वो 'झालंच, झालंच' बोल रे थे... बोले तो क्या?"

सिस्टर नलगोंड्याची, मराठीचा गंध नाही. माझी जीभ भुलीने बधिर होती. आणि सुमन अंगठा धरून नेमकं हेच म्हणायची. डॉक्टर म्हणतात, खोलीत आपण तिघेच होतो.

फॉर्मवरच्या नावाने सिस्टरची समजूत झाली असेल, इथवर मी स्वतःला पटवतो. 'झालंच'पाशी येऊन अडकतो.

तीन महिन्यांनी इम्प्लांटवरची हिरडी उघडायला पुन्हा लेसर होतं. फॉर्मवर मी पुन्हा तिचंच नाव लिहिलं, या वेळी ठरवून. स्टुलावर जास्तीचा चष्माही ठेवायला लावला. शेवटी सिस्टरने तो तसाच उचलून डब्यात टाकला.

मी मोजे काढून बसलो होतो.