भिंतीपलीकडून ऐकलेलं सातवं गाणं

तिची माझी ओळख कंपनीच्या बसमध्ये झाली. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत आम्ही एकाच कारखान्यात होतो. मी तपासणी विभागात, ती स्टोअरमध्ये. मी कोल्हापूरचीच. ती शिरोळकडच्या एका गावातली, नोकरीसाठी शहरात खोली घेऊन राहणारी. बस कावळा नाक्यावरून पावणेसातला सुटायची. पहिल्या आठवड्यात ती माझ्याशेजारी येऊन बसली तेव्हा तिच्या कानात इअरफोन होते, आणि ती पाय असा आपटत होती की पुढच्या सीटवरच्या वेल्डरनं दोनदा मागं वळून पाहिलं. काय ऐकतेस, असं मी विचारलं. तिनं एक इअरफोन काढून माझ्या कानात घातला.

आधी मला वाटलं, फोनच बिघडलाय. ड्रम नुसते पळत होते. त्यांच्याखाली चर्चमधल्या पेटीसारखा जड सूर होता आणि त्यावर एक बाई खोल आवाजात, अजिबात घाई न करता गात होती. तिचं इंग्रजी मला चार शब्दांपलीकडं कळलं नाही. गाणं संपल्यावर मी इअरफोन परत दिला नाही, एवढंच मला आठवतंय.

तो एक पंक रॉकचा अल्बम होता. अकरा गाणी, सगळी अंधाराची, ओसाड देवळांची, थडग्यांची. बंगळूरला नोकरी करणाऱ्या तिच्या चुलतभावानं पेनड्राइव्हवर दिलेला. पूर्ण अल्बम ऐकायला कावळा नाका ते कंपनीचं गेट एवढा वेळ बरोबर पुरायचा. वर्षभर आम्ही दुसरं काही ऐकलं नाही. शब्द कळावेत म्हणून एक वही केली. एकेक ओळ थांबवून थांबवून ऐकायची, लिहायची, जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता अर्थ लावायचा. घरी मी तो स्पीकरवर लावला तेव्हा वडील दारात येऊन शांतपणे म्हणाले, कुणी गेलंय का? आईनं मात्र दोन गाणी बसून ऐकली आणि बाईचा आवाज चांगला आहे, पण तिला जेवायला घालायला पाहिजे, असं मत दिलं.

नेटवर त्या अल्बमच्या चाहत्यांचा एक गट होता. पोलंडमधले, मेक्सिकोतले, कुठले कुठले लोक. कुणी पाठीवर मुखपृष्ठ गोंदवून घेतलेलं, कुणी मुलीचं नाव गाण्यावरून ठेवलेलं. जुलैमध्ये एका रविवारी आम्ही पन्हाळ्याला गेलो. धुकं इतकं होतं की तटबंदी दहा पावलांवर संपत होती. काळ्या ओढण्या डोक्यावरून घेऊन आम्ही मुखपृष्ठावरच्या दोन बायकांसारखा फोटो काढला आणि गटावर टाकला. हा किल्ला कुठला, कुठल्या देशात, असं विचारणाऱ्यांची रांग लागली. ती प्रत्येकाला एकच उत्तर लिहीत होती, की हा आमचा किल्ला आहे आणि इथं कणीस चांगलं मिळतं.

तिचा जीव सातव्या गाण्यावर होता. त्यात एक मुलगी रोज थडग्याशेजारी जाऊन बसते आणि जमिनीखालच्या माणसाला दिवसभरात काय काय झालं ते सांगते. गाण्यात एवढंच आहे. मला ते जरा संथ वाटायचं. तसं मी एकदा बोलून गेले, तेव्हा तिनं पहिल्यांदा वडिलांबद्दल सांगितलं. ते लिंगायत. त्यांच्यात माणसाला पुरतात. तिचे अप्पा ती कॉलेजात असताना गेले आणि त्यांना शेताच्या कोपऱ्यात, उसाच्या बांधाला, त्यांच्या रीतीप्रमाणं बसवून पुरलं होतं. वर एक दगड होता आणि तुळस. गावी गेली की ती संध्याकाळी तिथं जाऊन बसायची.

"मीबी सांगतो त्यांना सगळं," ती म्हणाली. आमच्या भागातल्या पोरी स्वतःबद्दल असंच 'येतो-जातो' बोलतात. "बस लेट झाली, तू डब्यात काय आणलंतंस, सगळं."

माझ्या घरी माणसाला जाळतात आणि नंतर विहारात वंदना होते. जाऊन बसावं अशी जागा आमच्याकडं नाही. त्या दिवसापासून सातवं गाणं मला संथ वाटलं नाही.

पुढच्या वर्षी बातमी आली. बँड बंगळूरला येणार होता आणि तो अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत सलग वाजवणार होता. आम्ही त्याच दिवशी तिकिटं काढली. कार्यक्रम ऑगस्टमध्ये, एका शनिवारी संध्याकाळी. तिच्या अव्वानं, म्हणजे आईनं, ट्रंकेतली जुनी काळी चंद्रकळा काढून दिली आणि त्यातून आम्ही दोघींनी दोन कुर्ते शिवून घेतले. पदराचा लाल काठ तिनं स्वतःच्या बाह्यांना लावला, उरलेला माझ्या गळ्याला. तीन आठवडे आधीपासून बसमध्ये आम्ही फक्त कुठल्या बाजूला उभं राहायचं याची चर्चा करत होतो.

त्या आठवड्यात पाऊस थांबलाच नाही. बुधवारी ती कृष्णेचं पाणी बघून येते म्हणून गावी गेली. गुरुवारी पाणी गावाच्या वेशीला लागलं. शुक्रवारी सकाळी तिचा फोन आला. मागं ट्रॅक्टरचा आवाज होता, माणसं ओरडत होती. अव्वाला आणि दोन म्हशींना घेऊन ती जयसिंगपूरकडं निघाली होती.

मी म्हटलं, मी पण नाही जात.

"दोघींनी बसून पाणी उतरणाराय का?" ती म्हणाली. "तू जा. एकीनं तरी ऐकलं पायजे की."

मी गेले. हे मी अजून कुणाला सांगताना जरा थांबते. पुण्याकडचा हायवे बंद होता, बंगळूरकडचा सुरू होता. शनिवारी पहाटे निघालेली बस संध्याकाळी पोचली. सभागृहाबाहेर ही गर्दी, आणि सगळी आमच्यासारखी. डोळ्यांत भरपूर काजळ, काळे कपडे, घामानं ओघळलेली पावडर. शिलाँगहून आलेले दोघे भाऊ होते. पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ होते, त्यांनी मुलाकडून हा अल्बम ऐकला होता आणि मुलाला नंतर त्याचा कंटाळा आला होता. चेन्नईच्या एका मुलीनं माझ्या गळ्याच्या काठाला हात लावून विचारलं, हे कुठं मिळतं. मी सांगितलं, मैत्रिणीच्या आईच्या ट्रंकेत.

पहिलं गाणं सुरू झालं आणि सगळं सभागृह एका आवाजात गायला लागलं. आजवर जे शब्द आम्ही दोघींनी डबा खाता खाता वहीत लिहिले होते ते एवढ्या अनोळखी माणसांना पाठ होते. मला रडू आलं. आनंद होता, आणि डाव्या बाजूला तिच्याएवढी जागा रिकामी होती. ती मी सहा गाणी तशीच राखली. कुणी पुढं सरकलं की कोपर आडवं घालत होते.

सहावं संपलं तेव्हा मला वाटलं, सातवं तिला फोनवर ऐकवावं. आत नेटवर्क नव्हतं. मी माणसांतून वाट काढत बाहेर पळाले. पार्किंगमध्ये उभी राहून फोन लावला. बंद. पुन्हा लावला, पुन्हा बंद. अव्वाचा नंबरही बंद. आत गाणं सुरू झालं होतं. भिंतीतून फक्त बासचा ठोका येत होता आणि मधूनच त्या बाईच्या आवाजाचा एखादा तुकडा. परत जावं असं मला वाटत होतं आणि अजून एकदा लावून बघावं असंही. मी लावतच राहिले. आत टाळ्यांचा आवाज झाला तेव्हा कळलं, संपलं.

चार दिवसांनी तिचा फोन लागला. सगळे सुखरूप होते. पाणी ओसरल्यावर मी गावी गेले. ऊस सगळा आडवा, त्यावर गाळ. शेताचा तो कोपरा कुठला हे ओळखू येत नव्हतं. दगड वाहून गेला होता की गाळाखाली होता, कोण सांगणार? ती आणि तिची अव्वा अंदाजानं तीन ठिकाणी उकरून बघत होत्या. मीही फावडं घेतलं. दगड सापडला नाही. शेवटी अव्वानं एका जागी हळद-कुंकू वाहिलं आणि हीच म्हणायची, असं म्हणाली. कार्यक्रमाबद्दल मैत्रिणीनं विचारलं नाही, मीही विषय काढला नाही.

तिनं नोकरी सोडली. वर्षभरात तिचं लग्न झालं, चिक्कोडीकडं. मी बसमध्ये खिडकीजवळ सरकून बसायला लागले. अल्बम लावायचे, तर दुसरा इअरफोन मांडीवर पडून राहायचा. कानात घालायची इच्छा होत नव्हती.

दोन वर्षांनी मी तिच्या सासरी गेले. तिची सासू अंगणात शेंगा निवडत होती, तिच्याशी ती कानडीत बोलत होती आणि माझ्याशी मराठीत. कडेवर लेक होती. चहा झाला, सासू शेजारी गेली, तेव्हा ती चुलीपुढं बसून म्हणाली, "आता सांग. पहिल्यापासनं."

मी सांगितलं. शिलाँगचे भाऊ, पांढऱ्या केसांचे गृहस्थ, चेन्नईची मुलगी. एकेक गाणं सांगत गेले. सहाव्यापर्यंत आले आणि थांबले.

"आन सातवं?"

खोटं बोलता आलं असतं. मनात जुळवलंही होतं. पण मी खरं सांगितलं, पार्किंगसकट. ती बराच वेळ जाळ सारत राहिली. मला वाटलं, चिडली. मग म्हणाली, "भिताडापलीकडनं किती आलं ऐकू?"

मी परातीवर बोटांनी बासचा ठोका धरला. तिनं डोळे मिटले. लेक आमच्याकडं बघत होती. शब्द तिनंच म्हटले, अगदी हळू, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एकही न विसरता. नंतर डोळे पुसून तिनं पिठात पाणी घातलं आणि मी भाकरीचं ताट पुढं ओढलं.

मागच्या महिन्यात चाहत्यांच्या गटावर वाचलं की बँड मोडला. आता ते कुठंच वाजवणार नाहीत. जगभरातले लोक रडत होते, जुने फोटो टाकत होते. मी जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनच्या मागं जाऊन तिला फोन केला. ती रानात होती.

"म्हंजे आता न्हाईच येणार?" तिनं विचारलं.

"नाही."

तिकडं वारं सुटलं होतं, उसाची पानं वाजत होती. मग ती म्हणाली, येत्या सोमवारी ती माहेरी, शेतावर जाणार आहे, अव्वाचे गुडघे दुखतात म्हणून एकटीच. अप्पांना बरंच सांगायचं राहिलंय.

"तू येतीस का? सुट्टी टाक की."

मी साहेबांकडं अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात काय लिहावं सुचेना, म्हणून 'घरगुती' लिहिलं.