डाव्या हाताचा भंडारा

दैवशाला यात्रेत देवाकडं कमी आणि माणसांच्या हातांकडं जास्त बघते, हे आता सगळ्या लोहारा तालुक्याला ठाऊक आहे. पूर्वी नव्हतं. अणदूरच्या खंडोबाच्या पायरीशी उभं राहून भंडारा उधळणाऱ्यांचे हात न्याहाळणारी ही क्रीडाशिक्षिका पाहिली की लोकांना वाटायचं, हिचं काहीतरी हरवलंय. हरवलेलंच होतं म्हणा. तिला एक डावखुरी मुलगी हवी होती.

ती स्वतः जन्माची डावखुरी. लहानपणी अणदूरच्या शिवारात शेळ्या राखताना तिनं मारलेला खडा चुकार शेळीच्या नेमका पुढ्यात पडायचा. पण त्याच हातानं प्रसाद घ्यायला गेली की आईची चापट बसलीच. "तो हात न्हाय!" चापटा खाऊन खाऊन ती लिहायला, जेवायला, प्रसादाला उजवी झाली. खडा मात्र डावाच राहिला. शाळेतले उत्तरेश्वर सर एकदा तो खडा बघून सायकलवरून खाली उतरले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी तिच्या हातात हँडबॉल दिला.

या खेळात उजव्या कोपऱ्यातून गोल मारायचा तर डावा हात लागतो. उजव्या हाताला तिथून गोल फटीएवढा दिसतो, डाव्याला चांगला ऐसपैस. दैवशाला त्या कोपऱ्यातून झेप घ्यायची आणि पाय जमिनीला लागायच्या आत चेंडू जाळ्यात गेलेला असायचा. शाळेकडून खेळली, जिल्ह्याकडून खेळली, दोनदा महाराष्ट्राकडूनही. मग एका सामन्यात गुडघा गेला. दोन महिने तिनं मनसोक्त रडून घेतलं आणि तिसऱ्या महिन्यात क्रीडाशिक्षणाच्या कॉलेजात नाव घातलं.

प्रशिक्षक झाली, पण पहिल्याच सामन्यात फजिती. चेंडू रेषेबाहेर येऊन बाईंच्या पायाशी थांबला आणि बाईंनी तो उचलून सरळ गोलात हाणला. गोल देखणा होता. समोरच्या गोलरक्षक पोरीनं टाळ्या वाजवल्या आणि पंचांनी बाईंना मैदानाबाहेर काढलं. तेव्हापासून सामना चालू असताना ती डावा हात मांडीखाली दाबून बसते. हा हात भरवशाचा नाही, असं ती स्वतःच सांगते.

लोहाऱ्याच्या आपल्या शाळेतल्या मुलींना तिनं घडवलं ते मात्र झकास. तरी सलग सहा वर्षं लातूरच्या विभागीय स्पर्धेत अंतिम सामन्यात हार ठरलेली. तिथं जिंकलं तर राज्य स्पर्धा, आणि तिथंच दरवेळी घोडं अडायचं, कारण उजवा कोपरा रिकामा. शाळेच्या सगळ्या वर्गांत फिरून तिनं विचारलं, डाव्या हातानं कोण लिहितं? एकही हात वर झाला नाही. दैवशालाला स्वतःचं बालपण आठवलं. डावखुऱ्या असतील, पण घरच्यांनी सरळ केलेल्या असतील. लिहिणारा हात शिकवलेला असतो. आनंदात भान सुटल्यावर जो हात वर जातो, तो खरा. आणि आमच्याकडं माणसाचं भान यात्रेत नाही सुटणार तर कुठं?

पहिली यात्रा वाया गेली. दुसऱ्या वर्षी पालखी निघाली, येळकोट येळकोटचा गजर झाला, आणि गर्दीतून एका पोरीनं मूठभर भंडारा चार रांगांवरून थेट पालखीवर टाकला. डाव्या हातानं! लगेच शेजारी उभ्या तिच्या आजीनं त्या हातावर फटका मारला. दैवशालाचा स्वतःचा हात चुरचुरला. पोरगी वळली तर काय, तिच्याच शाळेतली आठवीतली शिवगंगा, अक्षरासाठी बक्षीस मिळवणारी.

आजीचं नाव चन्नम्मा. दैवशालानं तिथंच विषय काढला.

"खेळू द्या की, न्हाय कोण म्हणतंय?" चन्नम्मा म्हणाल्या. "पर उजव्या हातानं. डाव्याचं खूळ म्या लई कष्टानं मोडलंय."

"आज्जी, उजव्या हाताच्या अकरा पोरी हायत माज्याकडं."

"मग बारा होतील."

दैवशाला चार वेळा त्यांच्या घरी गेली, चार वेळा चहा पिऊन परत आली. पाचव्यांदा ती शाळेआधी, सकाळीच गेली. चन्नम्मा पूजेला बसल्या होत्या. त्यांनी गळ्यातलं इष्टलिंग काढून तळहातावर घेतलं, विभूती लावली, बेल वाहिला आणि नजर लिंगावर लावून बसून राहिल्या. शिवगंगानं आणून दिलेला चहा दैवशालाच्या हातात गार झाला. लिंग डाव्या तळहातावर होतं. लिंगायतांच्या घरी ते तिथंच असतं, पण हे तिनं आजवर पाहूनही पाहिलं नव्हतं.

पूजा आटोपली. लिंग गळ्यात घालताना चन्नम्मांना तिची नजर दिसली.

"काय बघायलाव, बाई?"

"काय न्हाय आज्जी. हात."

चन्नम्मांनी आपला तळहात समोर धरला. बराच वेळ बघितला. मग अंग हलेपर्यंत हसल्या. "साठ वर्षं झाली, रोज ह्याच हातावर देव घेते, अन् पोरीला ह्याच हातापायी मारते! काय म्हणावं मला?" नातीकडं वळून त्या कानडीत म्हणाल्या, "होगव्वा." जा, खेळ.

पुढच्या साली लातूरला पुन्हा तोच अंतिम सामना. बाकावर दैवशाला, मांडीखाली हात. तिच्या मागं चन्नम्मा, मांडीवर पेढ्यांचा पुडा, सामना सुरू व्हायच्या आधीच खंडोबाच्या नावानं विकत घेतलेला. शेवटच्या मिनिटाला दोन्ही संघ बरोबरीत होते. चेंडू उजव्या कोपऱ्यात आला, शिवगंगानं झेप घेतली, आणि तिचे पाय जमिनीला लागायच्या आत जाळं हललं.

शिट्टी वाजली. दैवशालाचा हात मांडीखालून सुटून कधी वर गेला, तिला कळलंच नाही. पोरी तिच्या अंगावर येऊन पडल्या, ती हसत होती आणि रडत होती. सहा वर्षांचं साचलेलं सगळं त्या दोन मिनिटांत वाहून गेलं.

चन्नम्मा पुडा उघडून प्रत्येकीला पेढा देत आल्या. दैवशालानं डोळे पुसले आणि आईनं शिकवल्याप्रमाणं उजवा हात पुढं केला.

"तो हात न्हाय, बाई," चन्नम्मा म्हणाल्या.

दैवशालानं डावा हात पुढं केला. चापट न खाता प्रसादाला तो पहिल्यांदाच पुढं झाला होता.