चोवीस चौकटींचा काठ

"मॅडम, आचलची टी.सी. द्या. आजच पायजे."

मोरेश्वरभाऊ व्हरांड्याच्या पायरीवर उभे होते आणि माझा तिसरीचा वर्ग त्यांच्यासमोर लंगडी घालत होता. खडूने एक ते पन्नास चौकटी आखल्या होत्या. एकाने लंगडी घालत जायचं, बाकीच्यांनी तालात मोजायचं आणि दर तिसऱ्या चौकटीला टाळी वाजवायची. प्रशिक्षणात याला कृतीतून शिक्षण म्हणतात. मोरेश्वरभाऊ याला टाइमपास म्हणत.

टी.सी. म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. जिल्हा परिषदेच्या शिक्षिकेला हा शब्द सकाळी सकाळी ऐकवला की तिचा दिवस गेलाच म्हणून समजा. आमचं गाव आंधळगावच्या बाजूचं. काही घरं धानाची, काही हातमागाची. मोरेश्वरभाऊ विणकर. माणूस कमी बोलतो, पण बोलला की टोचतं.

"काहून नेता पोरीला?" मी विचारलं.

"काहून म्हंजे? तिसरीत आहे माही पोट्टी, अजून भागाकार नाई येत तिले. आन् तुमी टाळ्या वाजवून राहिले. कॉन्व्हेंटात तरी एका जागी बसवून शिकवतीन."

आचल तेव्हा एका पायावर उभी होती. तिने दुसरा पाय हळूच टेकला. सगळ्यांत मोठा आवाज तिचा असायचा, तोच बंद झाला. मला त्या क्षणी तिच्या बापाचा भयंकर राग आला.

दाखल्यावर सही हेडमास्तरांची लागते. ते केंद्रशाळेत मीटिंगला गेले होते, दुपारच्या सुट्टीत येणार होते.

"बसतो मंग," म्हणत मोरेश्वरभाऊ थेट वर्गात मागच्या भिंतीला टेकून बसले.

इथे मी मूर्खपणा केला. यांना दाखवतेच, या तोऱ्यात मी फळ्यावर लिहिलं, चोवीस भागिले सहा. आणि नाव घेतलं, "आचल!"

आचल फळ्यापाशी आली. खडू हातात धरून उभी राहिली. चोवीसकडे पाहिलं, सहाकडे पाहिलं, मग बापाकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले. मी फळा पुसला.

"पाहा," मागून एकच शब्द आला.

वीस-बावीस वर्षं नोकरी झाली माझी, पण इतकी ओशाळले नव्हते. स्वतःची शान राखायला मी लेकरू पुढे केलं होतं. गुपचूप चित्रकलेचे कागद काढले आणि पोरांना गटागटाने खाली बसवलं.

भिंतीवर लावायला आम्ही साडीचा काठ काढत होतो. आमच्याकडचा करवती काठ, म्हणजे करवतीच्या दातांसारखे त्रिकोण एका ओळीत. प्रत्येक गटाला चौकटींच्या कागदाची एक पट्टी. पट्टीची लांबी चोवीस चौकटी. रात्री सिरीयल बघता बघता मी पुठ्ठ्याचे दातही कापून आणले होते, पाच चौकटी रुंद. पोरांनी पुठ्ठा ठेवून गिरवायचं आणि रंगवायचं. नंतर सगळ्या पट्ट्या जोडायच्या.

मोरेश्वरभाऊ लांबून बघत होते. मग मान वर करून बघायला लागले. मग उठलेच.

"मॅडम, तुमचा काठ तुटून राहिला."

"कुठे?"

"हे काय! चार दात बसले, पाचवा कटला. असा माल घेऊन गेलो तं व्यापारी दारात उभा नाई करनार मले."

खरंच की. प्रत्येक पट्टीच्या टोकाला एक अर्धवट दात होता. पुठ्ठा कापताना मी मोजलंच नव्हतं. मोरेश्वरभाऊ गुडघे टेकून पोरांमध्ये बसले. चुकलेला काठ समोर ठेवून विणकराला गप्प बसवणं कुणाच्या बापाला जमणार नाही.

"मंग केवढा दात करू बाबा?" आचलने विचारलं.

"तूच पाह्य. टोकाले काहीच नाई उरलं पायजे."

ती पट्टीवर बोट ठेवून मोजू लागली आणि दुसऱ्या हाताने मांडीवर ताल धरला. सकाळचाच ताल, पण आता टाळी सहाव्या चौकटीला. सहा, बारा, अठरा, चोवीस.

"सहाचा करा! चार दात बसते!" ती ओरडली. "आठचा केला तं तीन."

"आन् सातचा?" बापाने विचारलं. आता त्यालाही मजा यायला लागली होती.

पुन्हा ताल. सात, चौदा, एकवीस. ती थांबली. "तीन बसते. तीन चौकटी फालतू जाते."

मी उठले आणि फळ्यावर तेच लिहिलं, चोवीस भागिले सहा.

आचलने वळून पाहिलं. आधी कपाळावर आठी. मग हसू फुटलं.

"हे तं तेच होय!"

"मग तुला काय वाटलं होतं?"

"मले वाटलं भागाकार काही अलग राहते."

मग वर्ग जो पेटला! छत्तीस चौकटींची पट्टी द्या, चाळीसची द्या. कुणी बाकावर ताल धरला, कुणी लंगडी घालूनच मोजायला लागलं. शेजारच्या वर्गातून निरोप आला की जरा हळू. मोरेश्वरभाऊ रंगाची वाटी हातात घेऊन या गटातून त्या गटात फिरत होते. सगळी पोरं त्यांना सर म्हणत होती आणि ते लाजत होते.

दुपारी हेडमास्तर आले. मी निरोप दिला. त्यांनी दाखल्याचं बुक उघडलं, पेन काढलं.

"शाळा सोडण्याचं कारण काय लिहू, भाऊ?"

मोरेश्वरभाऊंनी वर्गाकडे पाहिलं. आचल रंगाने माखली होती.

"आता नका लिहू, सर. काठ अर्धा आहे. एवढा पुरा करू द्या तिले."

मी एवढंच केलं, तो काठ लवकर पुरा होऊ दिला नाही. एका भिंतीचा झाला की दुसरी भिंत काढली. आचल आता चौथीत आहे. भागाकार चुकत नाही. घाईत हातचा मात्र अजून विसरते.

मोरेश्वरभाऊ महिन्यातून एकदा येतात, पोरांना नवीन नमुना देऊन जातात. मागे एकदा जाता जाता थांबले.

"मॅडम, तो पाच चौकटीचा दात तुमी मुद्दाम चुकीचा कापला होता न?"

"मग काय!" मी म्हटलं.

शिक्षकाने सगळंच खरं सांगायला पाहिजे असं नाही. पुठ्ठा मात्र मी आता मोजून कापते.