तातेरावांनी पारखलेला सिनेमा

मंठ्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, तातेरावांनी बत्तीस वर्षं एकच काम केलं, दुसऱ्याच्या मालावर शंका घ्यायचं. आणि त्याचा त्यांना पगार मिळत होता. एका आडत्याच्या दुकानी ते माल पारखायला होते. शेतकरी पोत्याचं तोंड सोडून वरचे टपोरे दाणे दाखवायचा, तातेराव तिकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. हातातली टोकदार पोकळ सळई पोत्याच्या वरच्या अंगाला, मग मधे, मग तळाशी खुपसायची, तिन्ही ठिकाणचे दाणे तळहातावर घ्यायचे आणि त्या तीन मुठींवरून अख्ख्या पोत्याचा निकाल द्यायचा. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. त्यांचा निकाल एकदाही चुकला नाही असं ते स्वतः सांगतात. दुसरं कोणी तसं सांगत नाही, पण त्यांच्यासमोर नाकारायची हिंमतही कोणाला होत नाही.

अडचण एवढीच, की मोंढ्यातलं काम सुटलं तरी खोड काही सुटली नाही. देवळातला शिरा तुपातला आहे की डालड्यातला, हे बोटांत चोळून पाहिल्याशिवाय ते तोंडात घालत नाहीत. मुलगा कल्याण जालन्यात एका कचेरीत लागला, तेव्हा पेढे वाटायच्या आधी हे गृहस्थ जालन्याला गेले, कचेरीसमोरच्या चहाच्या टपरीवर दिवसभर बसले आणि मुलगा सकाळी आत जाऊन संध्याकाळीच बाहेर येतो, हे डोळ्यांनी पाहून मग मिठाईच्या दुकानात शिरले. सून बघायची वेळ आली तेव्हा वंदनाच्या गल्लीतल्या पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या घरी पाणी पिऊन आले. वंदनाला हे लग्नानंतर सहा वर्षांनी कळलं, आणि ती अजून अधूनमधून त्यांना विचारते की मधल्या घरवालीने नेमकं काय सांगितलं होतं.

"माझं नशीब," त्यांची बायको प्रभावतीबाई म्हणते, "मला पाह्यला ह्यांचे वडील आल्ते. हे आले असते तर अजून चौकशीच चालली असती."

अशा माणसाने जगात एकाच जिवावर कधी शंका घेतली नव्हती. ती म्हणजे कल्याणची मुलगी, सहा वर्षांची अर्पिता. चार वर्षांची असताना तिने आबांचा चष्मा पाय देऊन मोडला आणि दोन्ही तुकडे घेऊन स्वतःच त्यांच्यापुढे उभी राहिली. "आबा, मी मोडला," म्हणाली. तातेरावांनी आयुष्यात पहिल्यांदा असा माल पाहिला होता, ज्याचा मालकच तळातलं आधी दाखवतो. तेव्हापासून ती जे सांगेल ते खरं. ती सगळंच सांगायची. दूध कोणी सांडलं, आई फोनवर काय म्हणाली, बाबा आबांना काय नावं ठेवतात. "आई म्हणती, आबा पोलिसात पाह्यजे होते," हेही तिनेच सांगितलं. तातेराव त्या दिवशी रागावण्याऐवजी हसत सुटले होते. घरात एक तरी माणूस असा आहे की ज्याच्याजवळ आपल्याला जागं राहावं लागत नाही, याचं त्यांना फार सुख होतं.

नाताळच्या सुट्टीत कल्याण आणि वंदना अर्पिताला आठवडाभरासाठी मंठ्याला सोडून गेले. त्याच आठवड्यात दोन घरं पलीकडची शिवकन्याही सुट्टीला आली. ती जालन्यात लहान मुलांच्या शाळेत शिकवते. येताना तिने शाळेतला प्रोजेक्टर मागून आणला आणि गल्लीतल्या बारक्या मुलांना रविवारी संध्याकाळी मारुतीच्या सभामंडपात कार्टूनचा सिनेमा दाखवते असं जाहीर केलं. आकाशात उडणाऱ्या एका छोट्या मुलीचा, बर्फाचा, नाताळच्या भेटवस्तूंचा, मराठीतून बोलणारा सिनेमा. मुलांनी शुक्रवारपासूनच उशांची कव्हरं पाठीला बांधून ओट्यावरून उड्या मारायला सुरुवात केली. त्यात अर्पिता सगळ्यांत पुढे.

सभामंडपाची किल्ली तातेरावांकडे असते. शिवकन्या ती मागायला आली आणि तातेरावांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"किती घेणार पोरांकडून?"

"काही न्हाई, काका. फुकट हाय."

पाल आता मोठ्याने चुकचुकली. फुकट म्हणजे कोणाचं तरी काहीतरी त्यात असणार. "कोणी सांगितलं तुला दाखवायला?"

"कोणीच न्हाई. पोरं दिवसभर मोबाईलमधी डोकं घालून बसत्यात, म्हटलं सगळ्यांनी मिळून काहीतरी पाहावं."

"मंग आधी मला दाखव."

शिवकन्येने तिथेच कॉटवर लॅपटॉप उघडला आणि सिनेमा पहिल्यापासून लावला. तातेरावांनी हात वर केला. दीड तास बसायला ते काय रिकामे होते? तसे ते रिकामेच होते, पण माल पारखायला कोणी पोतं रिकामं करत नाही. "जरा वरचं दाखव," ते म्हणाले, "मंग मधलं, मंग तळातलं."

वरचं पाहिलं. उडणाऱ्या मुलीचा आजोबा तिला बजावत होता, की आज धुकं आहे, घराबाहेर पडू नकोस. बराबर, तातेराव म्हणाले, चांगला माणूस दिसतो. मग शिवकन्येने सिनेमा पुढे सरकवला. मधल्या मुठीत तीच मुलगी खिडकीतून कोणाच्या तरी बंद घरात शिरली, भलं मोठं पोतं उचललं आणि आकाशात पसार झाली. घरी आल्यावर आजोबाने विचारलं, कुठे होतीस? ती म्हणाली, झोपले होते. तातेरावांचा चेहरा कडक झाला. तळातल्या मुठीत अख्खं गाव जमलं होतं, त्या मुलीच्या नावाने टाळ्या वाजवत होतं, आणि तो मूर्ख आजोबा तिला खांद्यावर घेऊन नाचत होता.

"बस झालं," तातेराव म्हणाले. "घराबाहेर जायचं, चोरी करायची, आजोबाशी खोटं बोलायचं, आन् वरून टाळ्या. हे शिकवून राह्यली तू लेकरांना?"

"काका, तसं न्हाई ते. मधी बरंच काही होतं. सगळा पाहा तरी."

"मला शिकवू नको. सडका माल मला मुठीत कळतो. किल्ली मिळणार न्हाई."

दारात उभ्या असलेल्या अर्पिताने हे सगळं ऐकलं. ती रडली असती तर तातेरावांना सोपं गेलं असतं. पाठीवरचं उशीचं कव्हर सोडून तिने नीट घडी केली.

"आबा, तुम्ही सगळा कुठं पाह्यला?" तिने विचारलं.

"पाहायची गरज न्हाई. वाईट हाय तो. तू कुठंच पाहायचा न्हाई. पाह्यलास तर आबा बोलणार न्हाईत तुझ्याशी."

हे शेवटचं वाक्य त्यांनी विचार करून म्हटलं नव्हतं. लहान मुलांना असंच म्हणतात म्हणून म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अर्पिता चित्रं रंगवायला म्हणून शिवकन्येच्या घरी गेली आणि दोन तासांनी आली. हाताला रंग नव्हता. तातेराव ओट्यावर तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी तिचे हात पाहिले. मनात काहीतरी वळवळलं, आणि त्याची त्यांनाच लाज वाटली. तरी तोंडातून प्रश्न गेलाच.

"तिथं सिनेमा तर न्हाई ना पाह्यला?"

"न्हाई, आबा."

संपलं. अर्पिताने सांगितलं म्हणजे संपलं. उलट आपण या लेकराला विचारलंच कसं, म्हणून ते स्वतःवरच चिडले आणि सोललेल्या दाण्यांतले सगळ्यांत कोवळे दाणे तिच्या हातावर ठेवले. तिने ते एक एक करून खाल्ले आणि त्या दिवशी दुसरं काहीच सांगितलं नाही. दूध कोणी सांडलं नाही, आई फोनवर काही म्हणाली नाही. थंडीने पोरगी मलूल झाली असेल, असं तातेरावांनी ठरवलं.

गल्लीत मात्र कुरबूर सुरू झाली होती. बायका प्रभावतीबाईंना नळावर टोमणे मारत होत्या, की तुमच्या मालकांनी मारुतीलाही आधी पारखून घेतलं होतं का. रविवारी सकाळी भाकरी थापता थापता प्रभावतीबाईंनी विषय काढला.

"आवं, तुरीच्या पोत्यात वरचा दाणा काय अन् खालचा दाणा काय, कोणी कोणाचा लागत न्हाई. गोष्टीचं तसं असतं व्हय? रामायण तुम्ही मधूनच एक मूठ काढून पाह्यलं, तर त्यात एक बैरागी बाई पळवून नेऊन राह्यला एवढंच दिसंल. मंग काय रामायण बंद करायचं?"

बत्तीस वर्षांत तातेरावांच्या निकालावर असा वार कोणी केला नव्हता. त्यांनी भाकरी संपवली, हात धुतले. शेवटी ते किल्ली घेऊन शिवकन्येकडे गेले. "दाखव," ते म्हणाले, "पण मी तिथंच बटणापाशी बसणार. वाईट दिसलं की जल्दी बंद."

संध्याकाळी सभामंडपात धोतराचं पांढरं पान ताणून बांधलं गेलं. तीसेक मुलं खाली बसली. अर्पिता दुसऱ्या ओळीत होती, शेजारी गल्लीतल्याच कांताबाईंची चार वर्षांची नात. त्यांच्या मागेच भिंतीला टेकून तातेराव, उजवा हात बटणावर. चौकीवरच्या शिपायासारखे ते पडद्याकडे बघत होते. आजोबा धुक्याची गोष्ट सांगत होता तोवर ठीक होतं. मग ती खिडकी आली. हात घट्ट झाला. पण या वेळी खिडकीच्या आधीचंही त्यांनी पाहिलं होतं. एका मतलबी माणसाने धुकं पसरवून गावातल्या सगळ्या मुलांच्या भेटी पळवल्या होत्या आणि त्या बंद घरात दडवल्या होत्या. मुलगी चोरी करत नव्हती, चोरी परत आणत होती. तातेरावांनी हळूच बटणावरचा हात काढून मांडीवर ठेवला. कोणी पाहिलं का, म्हणून एकदा इकडेतिकडे बघितलं.

पडद्यावर मुलगी घरी आली. आजोबाने विचारलं, कुठे होतीस? ती म्हणाली, झोपले होते. आजोबाचा चेहरा उतरला, संगीत गंभीर झालं, आणि कांताबाईंची नात भिऊन मुसमुसायला लागली. अर्पिताने तिच्या गळ्यात हात टाकला आणि तिच्या कानात बोलली. सहा वर्षांच्या मुलीचं कानातलं बोलणं मागच्या भिंतीपर्यंत सहज जातं.

"रडू नको. ती आता आजोबाला खरं सांगती. त्याचा राग पळून जातो, मंग ती सांगती."

तातेरावांनी ते ऐकलं. पडद्यावर मुलगी आजोबाच्या मांडीशी बसली. आजोबा म्हणाला, तू काहीही सांग, मी रागावणार नाही. मग मुलीने सगळं सांगितलं, पोतं, खिडकी, खोटं. अगदी अर्पिता म्हणाली होती तसंच. त्यापुढचं गाव, टाळ्या, नाचणं तातेरावांच्या डोळ्यांसमोरून नुसतंच गेलं. बाकी मुलं ओरडत होती, कांताबाईंची नात हसत होती. अर्पिता टाळी ज्या क्षणी पडायची त्याच्या जरा आधीच वाजवत होती.

मुलं पांगली. शिवकन्या वायरी गुंडाळत होती आणि मुद्दाम त्यांच्याकडे बघत नव्हती. तातेरावांनी तिला काही विचारलं नाही. सतरंज्या झटकून झाल्या, कुलूप लागलं, आणि ते अर्पिताचा हात धरून घराकडे निघाले. गल्लीत कोणाच्या तरी घरी फोडणीचा वास येत होता. निम्म्या वाटेवर ते थांबले.

"अर्पू, हा आधी पाह्यला होतास का तू?"

मान वर करून अर्पिताने आधी त्यांचा चेहरा बघितला. भुवया बघितल्या, ओठ बघितले. मोंढ्यात भाव सांगायच्या आधी गिऱ्हाईकाचा अंदाज घेणारी हजारो माणसं तातेरावांनी पाहिली होती. ही नजर त्यांना ओळखू आली.

"न्हाई, आबा," ती म्हणाली.

त्यांच्याजवळ आता सगळं होतं. रंग न लागलेले हात, दोन तास, कानातलं बोलणं, आधी पडलेली टाळी. एवढ्या पुराव्यावर त्यांनी भल्याभल्यांना मोंढ्यातून हाकललं होतं. पण त्यांनी एकही पुरावा बाहेर काढला नाही. ज्या सिनेमाने पोरं खोटं शिकतील म्हणून त्यांनी किल्ली दाबून ठेवली होती, त्याने नातीला खरं कधी सांगता येतं हे शिकवलं होतं. खोटं तिला दुसऱ्याच कोणी शिकवलं होतं, आणि तो कोण हे शोधायला गल्लीतल्या तीन घरी जायची गरज नव्हती. तातेरावांना फार वाईट वाटलं. ते रस्त्यातच तिच्यासमोर उकिडवे बसले.

"काहीबी असलं तरी सांग मला," ते म्हणाले. "मी रागावणार न्हाई."

हे खरं आहे की नाही, ते अर्पिता त्यांच्या तोंडाकडे बघत तपासत राहिली.