आमच्या घराला दार नव्हतं

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. शेजारणीच्या अंगात आलं की मला हसू आवरायचं नाही. तरी हे लिहिते आहे... कारण एकटीला झेपेना.

माझं माहेर शिंगणापूर, तालुका नेवासे. तिथे घरांना दारं नसतात, राखण शनिदेवाची. कुत्रं शिरू नये म्हणून चौकटीला एखादी फळी टेकवतात, बस्स. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत लग्न होऊन मी इंदूरला आले, तेव्हा मला कडीसुद्धा लावता येत नव्हती. सासूबाई ओरडायच्या, "हिच्या बापाने कधी दार पाहिलंय का!" खरंच नव्हतं पाहिलं.

माहेरी जाणं क्वचित व्हायचं. मग दुपारी सगळी निजली की मी डोळे मिटून घरी जायची. उंबरा ओलांडला की डाव्या हाताला जातं, कोपऱ्यात शेळी, खांबाला टेकून माझे वडील, आबा, सुतळी वळताहेत... इतकं बरं वाटायचं म्हणून सांगू!

वैशाखातल्या एका दुपारी अशीच गेले – आणि चौकटीत दार होतं. कोऱ्या फळ्यांचं, बंद. फटीतून धूर येत होता. आतून आबा खोकत होते, दार बाहेर ढकलत होते.

"पोरी, ह्ये उघडंना गं... कसं उघडायचं?"

"आबा, कडी वर उचला! मंग आत वढा, आत!"

माझ्याच ओरडण्याने मी भानावर आले. सासूबाई धावत आल्या. माझ्या लुगड्याला धुराचा वास येत होता, आणि आमची चूल तर सकाळीच विझलेली.

आठवड्याभरात माझा थोरला भाऊ, दादा, मला न्यायला आला. मान वर करीना. आबांना ताप होता. उन्हाची झळ लागू नये म्हणून, गाव नको म्हणत असताना, त्याने खोक्याच्या फळ्यांचं दार बसवलं होतं. तो सोनईच्या बाजाराला गेला आणि वाऱ्याने दार आपटून आतली कडी आपोआप अडकली. त्यातच चुलीतली ठिणगी सरपणावर पडली. शेजारीपाजारी शेतात. आबांनी जन्मात कडीला हात लावलेला नव्हता.

"मंग निघाले कसे?" मी विचारलं.

"तू सांगितलंस म्हनत्यात," दादा म्हणाला. "भायेरून."

ते दार त्याच दिवशी काढून जाळलं. आबा पुढे काही वर्षं धडधाकट जगले. मी माहेरी जाते तेव्हा चौकट मोकळी असते, सरळ आत शिरते.

पण इथे डोळे मिटले की दार तिथेच असतं... बंद. जातं, शेळी, काहीच दिसत नाही. मला माझं घर परत हवंय हो, दुसरं काही नको. आतून कुणी तरी खोकतं, विचारतं, "पोरी, कसं उघडायचं?" आवाज आबांचाच. आबा तिकडे जिवंत होते, खांबाला टेकून सुतळी वळत होते, तेव्हाही तो यायचा. आत कोण आहे, याचा उलगडा मला आजवर झालेला नाही.

कडी कशी काढायची ते मला चांगलं येतं आता. पण मी सांगत नाही.