दुखणं पोराचं, उत्तर बापाचं

ड्रेसिंगच्या खोलीत किस्से जमायला फार काही लागत नाही. एक टेबल, त्यावर एक पोर, आणि भोवती "काही दुखत नाही" म्हणणारी चार मोठी माणसं. त्या चौघांचं खरंच काही दुखत नसतं!

शहाण्णवच्या दिवाळीनंतर मी नर्सिंगचा कोर्स अर्ध्यावर सोडला आणि सुरतेत, नवागामच्या एका लहान मुलांच्या दवाखान्यात ड्रेसिंगला लागले. माझं म्हणणं एवढंच होतं : चिकटलेली पट्टी ओढण्याआधी पोराला विचारा किती दुखतंय, आणि आधी औषध द्या. एवढ्यावर मी उद्धट ठरले.

*

कामरेजहून दहा वर्षांचा एक मुलगा आला. मनगट मोडून वाकडं झालेलं. डॉक्टरसाहेबांनी बापाला विचारलं, "केटलुं दुखे छे?"

बाप म्हणाला, "जास्त नाही साहेब. बसमध्ये झोपला होता ना."

मी म्हटलं, "काका, हात कुणाचा मोडलाय?"

साहेब भडकले. बाप भडकला. तेवढ्यात मुलगा बारीक आवाजात म्हणाला, "झोपलो नव्हतो. डोळे मिटले होते."

*

मालूताई आमची सिनियर नर्स. वीस वर्षांची नोकरी, आणि ती दर तासाला बोलून दाखवायची. दुखण्याचं इंजेक्शन भरायचं, पोराच्या नाकासमोर धरायचं आणि विचारायचं, "बोल, दुखतंय का?"

कोणतं पोर 'हो' म्हणेल? ताई खुशीत सांगायची, "बघ, सुई पाहिली की दुखणं पळतं!"

"पळत नाही ताई, लपतं."

"कोर्स पूर्ण केला असतास तर तोंड चालवायचं धाडस झालं नसतं!"

हे मात्र तिचं खरं होतं. कोर्समध्ये तेच शिकवत होते.

*

सहा महिन्यांच्या एका बाळाच्या कपाळाला टाके घातले, भूल न देता. त्याची आजी खानदेशची. टाके घालताना तिनेच बाळाचे पाय दाबून धरले होते. मला म्हणाली, "त्याले काय समजस वं माय!"

आठवड्याने टाके काढायला आणलं. बाळ हसत होतं. साहेबांचा पांढरा कोट दारात दिसला आणि त्याने असा टाहो फोडला की बाहेरची रांग उठून उभी राहिली.

साहेब म्हणाले, "फार चिडकं आहे हं तुमचं बाळ!"

*

मग आशा. घर खानदेशातलंच, आठ वर्षांची, उकळतं पाणी सांडून उजवा पाय घोट्यापर्यंत भाजलेला. एक दिवसाआड ड्रेसिंग. आई घरी तान्ह्या बाळापाशी, म्हणून आजोबा तिला पाठुंगळी घेऊन यायचे.

ती रडायची नाही. गॉज सोलून निघायचं तरी हूं नाही. साहेब दुसऱ्या पोरांना आणून दाखवायचे, "जुओ, आने कहेवाय बहादुर!" मालूताई लिमलेटची गोळी द्यायची. आजोबांची छाती फुगायची. "आमच्याच रक्ताची! माझी दोन बोटं लूममध्ये गेली, तरी दुपारी परत पाळीवर उभा होतो."

"मग मालकाने काय दिलं, आबा?"

"चहा पाजला ना!"

मी आशाच्या मुठी बघत होते. ड्रेसिंगनंतर उघडल्या की तळहातावर नखांचे चार-चार चंद्र. श्वास तर ती आत ओढायची तो पट्टी बांधून होईपर्यंत सोडायचीच नाही.

एक दिवस मी खिशातून लूमवरच्या सुताच्या पाच रिकाम्या बॉबिन काढल्या. तिच्या घरात त्याच खेळणं होत्या. म्हटलं, "थोडं दुखलं तर एक, खूप दुखलं तर पाच. मांड." तिने आजोबांकडे पाहिलं आणि एक मांडली.

मी म्हटलं, "आबा, केसपेपर बाहेर राहिला. घेऊन या." ते गेले. आशाने भराभर पाचही मांडल्या आणि विचारलं, "अजून नाहीत का?"

त्या बॉबिन मी तशाच साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. म्हटलं, "हे आशाचं दुखणं. पाचातले पाच." मालूताई म्हणाली, "खेळ चाललाय हिचा!" साहेबांनी बोटाने त्या एकेक करून मोजल्या. मग कागद ओढून लिहिलं : ड्रेसिंगच्या अर्धा तास आधी दुखण्याचं औषध, गॉज सलाईनने पूर्ण भिजवूनच काढणे. मला म्हणाले, "एक वार. न चाल्युं तो बंध."

म्हणजे एकच संधी. जमलं नाही तर आशाचं औषध बंद, आणि पुढच्या प्रत्येक पोराचंही.

पुढच्या ड्रेसिंगला औषध पाजलं. अर्धा तास घड्याळ लावून थांबले. आजोबांना बाहेर बसवलं. सलाईन ओतलं, गॉज सुटं झालं, मी पहिला पदर उचलला.

आशाने भोकाड पसरलं! "आई गंऽऽ!" म्हणून असा आवाज लावला की साहेब तपासणी सोडून धावत आले, मागून मालूताई, आणि आजोबा तर पडदा ओढूनच आत.

"पाह्यलं?" मालूताई म्हणाली.

"वाघीण होती माझी पोर!" आजोबा माझ्यावर ओरडले. "तुझ्या औषधानं रडकी केली! आजपर्यंत एक आवाज काढला होता का तिनं?"

साहेबांनी हात पुढे केला, कागद परत मागायला.

आशा हुंदके देत, नाक पुसत म्हणाली, "आबा, आज कमी दुखस. रडता येस."