मर्व्ह ट्रँटरची नोझलं

मर्व्ह ट्रँटर कुणाचं वाईट करूच शकत नाही, असं मी बावीस वर्षं सांगत आले. आजही सांगेन. म्हणून तर जे कळलं त्यानं माझ्या पायाखालची जमीन सरकली, आणि ती अजून जागेवर आलेली नाही.

आमची कोळशाची खाण क्वीन्सलँडमध्ये, समुद्रापासून गाडीनं तीन तास आत. मी तिथं दिव्यांच्या खोलीत असायचे. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाला टोपीचा दिवा द्यायचे, वर आला की परत घ्यायचे. मर्व्ह खालचा फिटर. कोळसा कापणाऱ्या यंत्रावर पाण्याचे फवारे असतात, धूळ उडताक्षणी दाबायला. ते फवारे म्हणजे मर्व्हचा संसार. शेंगदाण्याएवढी पितळी नोझलं, टोकाला सुईच्या नेढ्याएवढं भोक. पण आमच्याकडे पाण्याची बोंब. खाणीतलंच गढूळ पाणी फिरवून वापरायचं, मग रोज अर्धी नोझलं तुंबायची. मर्व्ह जेवणाच्या सुट्टीत एका हातानं सँडविच खात दुसऱ्या हातानं तारेनं ती टोकरत बसायचा.

"काय मर्व्ह, दात कोरून झाले का?" पोरं चिडवायची.

"तुझ्या सासूचे कोरतोय. तोंड केवढं मोठं तिचं, संपतच नाहीत," तो मान वर न करता म्हणायचा.

चौदा वर्षांपूर्वी एकदा तो असा वैतागला, की सगळी नोझलं वर्कशॉपमध्ये नेऊन त्यानं ड्रिलनं भोकं दुप्पट केली. पाणी धो धो सुटलं. हाताच्या अंतरावरचा माणूस दिसू नये इतकी धूळ असायची, ती खाली बसली. तुंबणं गेलं, यंत्र थांबणं गेलं. पोरांनी त्याला डोक्यावर घेऊन नाचायचं तेवढं बाकी ठेवलं. त्याचं नाव पडलं शॉवर. घरी बायकोसुद्धा शॉवर म्हणायला लागली.

दोन वर्षांनी त्याची मुलगी टॅम्सिन खाणीत लागली. आईनं आकाशपाताळ एक केलं. मर्व्ह म्हणाला, "माझ्या फवाऱ्यांपाशी काम करणार ती. तिला काय होतंय?"

आता माझी बाजू सांगते. दर तीन महिन्यांनी धूळ मोजायची असते. कुणाच्या तरी पट्ट्याला छोटा पंप लावायचा, नळी कॉलरला, दिवसभर तो हवा ओढतो. तारीख गुप्त. पण पंप चार्ज करायचे मी, त्यामुळे मला ती आदल्या दिवशी कळायची. मी मर्व्हला सांगायचे, "शॉवर, उद्या पंप आहे हं." की हा सकाळी कपाटातला नव्या नोझलांचा खोका काढायचा आणि नियमाप्रमाणे बारीक भोकाची बसवायचा. पाहुणे आले की आपण चांगले कप काढतो, तसं. पाहुणे गेले, नवी नोझलं तुंबायला लागली, की परत मर्व्हची. फसवणूक हा शब्द आमच्या मनाला शिवलासुद्धा नाही. आकडे दर वेळी उत्तम यायचे, आणि मॅनेजर हॅलोरन खूश होऊन लॅमिंग्टन केकचा ट्रे पाठवायचा. मी दोन दोन खायचे.

गेल्या मार्चमध्ये टॅम्सिन नेटबॉल खेळता खेळता मैदानातच खाली बसली. धाप थांबेना. एक्स-रे या वेळी नेहमीच्या डॉक्टरऐवजी ब्रिस्बेनच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरकडे गेला. त्यानं एकच ओळ लिहून पाठवली: कोळशाच्या धुळीनं काळवंडलेली फुफ्फुसं.

हा आजार आम्ही पणजोबांबरोबर पुरला होता! छत्तीस वर्षांची पोर, आयुष्यात सिगरेट ओढली नाही. मर्व्ह कागद हातात घेऊन माझ्या काउंटरशी आला. "दुसऱ्या कुणाचा तरी एक्स-रे आहे, ग्लेनिस. हे लोक गोंधळ घालतात." त्यानं तिला परत नेलं. परत तेच आलं.

आणि खाण म्हणाली, आजार असेल, पण आमच्या धुळीचा नाही. बारा वर्षांचे आकडे बघा, एकदाही मर्यादेच्या वर गेलेत का? आजार खाणीचा ठरला तरच टॅम्सिनचे उपचार खाण करणार होती आणि बाकीच्या पोरांच्या छात्या तपासणार होती. नाहीतर तिनं घरी बसायचं आणि खोकायचं.

युनियननं धुळीची जाणकार बोलावली, इंग्रिड नावाची. दिवा घ्यायला ती माझ्याकडे आली तेव्हा मर्व्ह तिथंच होता. त्याच्या डब्यातलं एक नोझल तिनं उचललं, उजेडाकडे धरलं.

"हे भोक कुणी मोठं केलं?"

"मी," मर्व्ह म्हणाला. छाती पुढे काढून म्हणाला, मी पाहिलंय. "त्याआधी खाली श्वास घेता येत नव्हता, बाई."

इंग्रिडनं नोझल परत डब्यात ठेवलं. मग म्हणाली, "डोळ्यांना दिसते ती धूळ नाकात अडकते. जीव घेते ती न दिसणारी. तिला पकडायला थेंबही तितकाच बारीक लागतो. मोठ्या थेंबाला हवा वळसा घालून जाते, आणि बारीक धूळ हवेबरोबर जाते. भिजतसुद्धा नाही."

"पण धूळ बसायची. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

"जाड बसायची, मर्व्ह. हवा स्वच्छ दिसायची. मास्क लावायचे का हो तुमचे लोक?"

लावायचे नाहीत. चौदा वर्षांपूर्वी सगळ्यांनी काढून खुंटीला टांगले होते. शॉवर असताना मास्क कशाला?

मर्व्ह मटकन बाकावर बसला. "म्हणजे वर्षातले चारच दिवस," तो म्हणाला, "पंपाचे तेवढे चार दिवस तिला बरी हवा मिळाली." इंग्रिडला काही कळलं नाही, ती दिवा घेऊन गेली.

गुरुवारी सकाळी जेवणाच्या खोलीत टॅम्सिनच्या दाव्यावर बैठक भरली. हॅलोरननं फाइल उघडली, एकेक आकडा वाचायला लागला. टॅम्सिन खिडकीजवळ बसली होती. तिसऱ्या आकड्याला मर्व्ह उठला आणि त्यानं सगळं सांगितलं. ड्रिल, खोका, चांगली नोझलं, सगळं.

हॅलोरननं चष्मा काढला. "मर्व्ह, मुलीसाठी माणूस काहीही बोलतो, मी समजू शकतो. पण पंपाची तारीख गुप्त असते. तुला कोण सांगायचं?"

मर्व्हनं माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दामच पाहिलं नाही. "कुणी नाही. मी अंदाज बांधायचो."

"बारा वर्षांत अठ्ठेचाळीस अंदाज. सगळे बरोबर?" हॅलोरन हसला. "मग घोड्यांवर पैसे का नाही लावलेस?" दोघेतिघे हसले, आणि त्यानं पुढचा आकडा वाचायला फाइलवर बोट ठेवलं.

मर्व्ह उभा होता तसाच उभा. स्वतःचं नाव त्यानं मातीत घातलं होतं, आणि माझं वाचवायला पोरीचा दावा बुडू देत होता. मूर्ख, भला माणूस! मला त्याचा इतका राग आला की माझी भीती गेली.

"मी सांगायचे," मी म्हटलं.

टॅम्सिननं मान वळवली. "मावशी?" एवढंच म्हणाली. शाळेत असल्यापासून ती मला मावशी म्हणते. मला धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. मग ती हॅलोरनकडे वळली. "लिहून घ्या. दोघांचंही. आणि त्यांच्या सह्या घ्या."

त्यानं लिहून घेतलं. आम्ही सह्या केल्या. माझी नोकरी त्याच कागदावर गेली, आणि जायलाच हवी होती.

बाहेर ऊन रणरणत होतं. टॅम्सिन गाडीच्या दाराला धरून उभी होती. मर्व्ह दोन हातांवर थांबला, जवळ जायची त्याची हिंमत होईना.

"ओरड ना माझ्यावर," तो म्हणाला. "शिव्या दे. काहीतरी बोल, बेटा."

तिनं एकदा श्वास घेतला. तो पुरला नाही, म्हणून परत घेतला.

"ओरडायचंय, बाबा," ती म्हणाली. "पण त्याला हवा लागते."